कडू घासाची फोडणी

पनवेलच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला आगऱ्यांची एक आळी होती. आळीत कुणी गेलं की तिरडीचे बांबू कुणी आणायचे, यावर पुरुषांमध्ये थोडी हुज्जत व्हायची. पुरुषच ते. पण कडू घास कुणी शिजवायचा, यावर बायकांत कधी चकार शब्द निघाला नाही. ते काम गोदूचं, हे ठरलेलं होतं.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. अन्न शेजारून येतं, आणि मागे राहिलेल्या माणसाला पहिला घास दुसऱ्या कुणीतरी भरवायचा असतो. तोच कडू घास. या आळीत त्या घासाला काळे वाटाणे लागत. वाल लग्नाला आणि वाटाणे मरणाला, असा रिवाज कुणी पाडला देवाला ठाऊक. पण लग्नाच्या मांडवात कुणी काळे वाटाणे केले असते, तर वऱ्हाड ताटावरून उठलं असतं एवढं खरं.

गोदू अंगाने किडकिडीत, बोलायला फटकळ. नवरा बुधाजी मिठागरावर राबता राबता तापाने गेला, तेव्हा ती ऐन तिशीत होती आणि पदरात कमळाकर हा एकच मुलगा. तिने रडगाणं गायलं नाही. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या, बाजारात सुकी मासळी विकली आणि पोराला वाढवलं. गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करू लागलं की म्हणायची, "तुमी वास घ्या नुसता, वास फुकट हाय." आळीतल्या सुना तिला वचकून असत. पण त्याच सुनांच्या घरी कुणी मेलं आणि गोदू हातात टोप घेऊन दारात उभी राहिली, की त्यांना तिच्याच गळ्यात पडून रडावंसं वाटे.

काळा वाटाणा हे मोठं हट्टी धान्य. रात्रभर भिजवला नाही तर जन्मात शिजत नाही. आणि मरण काही आदल्या रात्री सांगून येत नाही. गोदूने त्यावर तोड काढली होती. बातमी कानावर आली की ती आधी पाणी तापत ठेवी. खळखळतं पाणी वाटाण्यांवर ओतायचं, टोपावर झाकण घालून वर घोंगडी गुंडाळायची आणि मग रडायला जायचं. दुपारपर्यंत दाणा टचटचीत फुगलेला असे. पाणीही बंदराकडच्या मचूळ विहिरीचं चालायचं नाही, त्यात दाणा गणंग राहतो. तळ्याकडच्या गोड्या विहिरीवर जावं लागे. आणि मीठ टाकायचं ते दाणा बोटाने चिरडला गेला की मगच. मिठागराच्या माणसांना मिठाचं काय अप्रूप, पण गोदू म्हणायची, "मिठाला घाई केली का वाटाना रुसतो."

पूर्वी हे वाटाणे नुसते उकडून, मीठ घालून नेत. गोदूला ते पटत नसे. रडून रडून ज्याच्या तोंडाची चव गेली, त्याच्या घशाखाली ते सपक अन्न उतरायचं कसं? म्हणून ती त्यात वाटप घालू लागली. कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर काळी होईस्तोवर भाजायची, धणे, मिरी, लवंग, दगडफूल आणि सुकी मिरची तव्यावर परतायची, सगळं पाट्यावर गंधासारखं वाटायचं. त्यातच मूठभर शिजलेले वाटाणेही वाटून घालायचे, म्हणजे रस्सा दाट होतो. शेवटी दोन आमसुलं.

यावर हौसाने तोंड सोडलं होतं. हौसा ही आळीतली सगळ्यात म्हातारी बाई आणि रिवाजांची राखणदार. "मयताच्या घासाला मसाला? सण हाय का लगीन हाय?" गोदू म्हणाली, "मसाला हाय, फोडनी नाय. फोडनी दिली तर बोल." यावर हौसाला गप्प बसावं लागलं. कारण खरा रिवाज फोडणीचा होता. तेलात लसूण तडतडला की त्याचा आवाज आणि वास घराबाहेर जातो. तो खुशालीचा वास. ज्या दिवशी आळीतलं माणूस गेलं, त्या दिवशी कुणाच्याच चुलीवर फोडणी पडायची नाही. गोदूने शेकड्याने रिवाज धाब्यावर बसवले असतील, पण हा एक ती पाळायची.

तिच्या भिंतीला भिंत लागून वेणूचं घर. वेणूही विधवा, तिलाही एकच मुलगा, भगवान. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आळीत आल्या होत्या. भांडायच्या रोज आणि जेवायच्या एकमेकींच्या ताटात. त्यांची पोरंही तशीच. दोघं एकाच शेठच्या मिठाच्या मचव्यावर खलाशी होते. मचवा लहान, सुकाणू धरणारा तांडेल आणि एक खलाशी एवढ्यावर चालणारा. एका खेपेला भगवान जाई, पुढच्या खेपेला कमळाकर. ज्याची पाळी नसेल तो खाडीपलीकडच्या आगरावर मीठ भरायला थांबे. तांडेल होता विठू, खाडीपलीकडच्या गावचा, वयाने मोठा आणि पाण्यातला मुरलेला माणूस.

स्वातंत्र्य मिळून एखाद-दोन वर्षं झाली होती. रेशनच्या तांदळासाठी रांगा लागत. वैशाख संपत आला होता, आणि पावसाआधी जेवढं मीठ मुंबईला पोचेल तेवढं पोचवायची शेठला घाई होती. त्याच दिवसांत भगवानची बायको रंभा शिरढोणला माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. बाजाराला आलेल्या एका शिरढोणकराने निरोप आणला, तसा भगवान उठून निघालाच होता. वेणूने त्याला दारात अडवलं. पाचवी पुजल्याशिवाय बापाने पोराचं तोंड बघायचं नाही, असा त्यांच्या घरचा दंडक. "चार दिस दम धरवत नाय का तुला?" ती म्हणाली. भगवान मुकाट आत गेला. गोदू ओटीवर वाटाणे निवडत बसली होती. ती हसून म्हणाली, "जाऊ दे की गो त्याला. तुजा नवरा तर भगवानच्या येळंला खिडकीतून डोकावत व्हता." वेणू फणकारली आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवान भाकरी बांधून मचव्यावर जातो म्हणून गेला, कारण पाळी त्याची होती. कमळाकर आगरावर जातो म्हणून गेला. जाताना त्याने आईला विचारलं, "काय आनू?" आगरावरून काय आणणार, मीठ? गोदू म्हणाली, "सवताला आन, लय झाला." तो हसला आणि गेला.

त्याच दुपारी वळवाचं वादळ उठलं. पनवेलला चार कौलं उडाली, चार फांद्या पडल्या आणि तासाभरात आभाळ निवळलं. कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बंदरावरून काशीराम आला. तो दुसऱ्या एका मचव्यावरचा खलाशी. त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. विठू तांडेलाचा मचवा भर खाडीत उलटला होता. विठूचं प्रेत काठावर आलं होतं. बरोबरचा माणूस अजून मिळाला नव्हता.

गोदू तेव्हा दारात भांडी घाशीत होती. तिच्या हातातली राख तशीच राहिली. "कोन व्हता संगती?" तिने विचारलं, आणि तो आवाज आपला नव्हे असं तिला वाटलं.

"भगवान. पाळी त्याची व्हती," काशीराम म्हणाला.

त्या क्षणी गोदूच्या जिवात जीव आला. हे लपवून काय करायचं? कुठल्याही आईच्या आला असता. उन्हातून आलेल्याने गार पाणी प्यावं, तसं काहीतरी तिच्या छातीतून खाली उतरलं. आपला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून ती भिंतीकडे वळली. आणि पुढच्याच क्षणाला पलीकडून वेणूची किंकाळी आली. गोदू राखेच्या हातांनी धावली, वेणूला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडली, आणि ते रडणंही खोटं नव्हतं. भगवान तिच्या अंगाखांद्यावर वाढला होता. माणसाच्या पोटात एकाच वेळी दोन गोष्टी असतात, आणि दोन्ही खऱ्या असतात.

पंच जमले. प्रेत मिळेल तेव्हा मिळेल, पण तोवर बाईला उपाशी ठेवता येत नाही, कडू घास संध्याकाळीच द्यायचा असं ठरलं. हौसा कोपऱ्यातून पुटपुटली, "पोरीचा पायगुन. जन्मली नि बाप खाल्ला." गोदू तिच्यावर अशी खेकसली की म्हातारी पदर तोंडात धरून बसली. मग गोदू घरी आली आणि तिने पाणी तापत ठेवलं.

ती दुपार गोदूला पुढे जन्मभर तुकड्या-तुकड्याने आठवत राहिली. पलीकडे वेणूचा हंबरडा चालू होता, आणि इकडे तिच्या चुलीवर वाटाणे रटरट शिजत होते. दाणा असा लुसलुशीत झाला की बोटात धरताच पीठ व्हावं. कांदा भाजला तो नेमका, ना कच्चा ना जळका. खोबरं वाटताना वरवंटा आपोआप सरकत होता. ती मनात वेणूसाठी रडत होती, आणि मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात हिशेब मांडत होती, की कमळा आता आगरावरून येईल, त्याला या मचव्यावर परत पाठवायचं नाही, शेठच्या पाया पडू, बाजारात एखादी गाडी लावून देऊ, आणि यंदा त्याचं लग्न करून टाकू. मुलगीही तिच्या नजरेत होती. वाटप टोपात पडलं. आमसूल पडलं. आणि गोदूच्या हाताने, तिला न विचारता, लोखंडी पळीत तेल घेतलं, ती पळी निखाऱ्यावर धरली, तेलात लसूण ठेचून टाकला आणि तो लाल झाल्यावर चर्रकन टोपात ओतला.

आवाज सगळ्या आळीत गेला. वास त्याच्या मागोमाग गेला. वेणूच्या ओटीवर बसलेल्या बायकांच्या माना वळल्या, आणि हौसा मोठ्याने म्हणाली, "फोडनी कुनी दिली गो?"

गोदू रिकामी पळी हातात धरून उभी राहिली. इतकी वर्षं मयताचे वाटाणे शिजवले, कधी हात चुकला नव्हता. तिने जीभ चावली, देवाला हात जोडले. पण पडलेली फोडणी काढता येत नाही, आणि पुन्हा वाटाणे भिजवायला वेळ नव्हता. तिने टोप उचलला आणि खाली मान घालून वेणूच्या घरी गेली. सुन्न बसलेल्या वेणूच्या तोंडात तिने पहिला घास घातला. "खा, बाय," ती म्हणाली. मग बाकीची माणसं जेवली. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. ताटं पुसून स्वच्छ झाली. उठता उठता काशीराम हळूच म्हणाला, "काकी, असे वाटाने कदी झाले नवते." गोदूला ते ऐकून लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

दिवस कलला. बायका ताटं गोळा करत होत्या. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी कुणीतरी किंचाळलं. गोदूने वर बघितलं. खांद्यावर पंचा, हातात कागदाची पुडी, असा भगवान चालत येत होता.

माणसं मागे सरली. कुणी देवाचं नाव घेतलं. हौसाने डोळे गच्च मिटले. पुढे झाली ती गोदूच. तिने त्याचे दंड धरले, दाबले, गालावर एक चापट मारली, आणि आनंदाने ओरडली, "वेणू! जिता हाय गो! तुजा पोर जिता हाय!" वेणू धडपडत आली आणि त्याच्या पायाशीच कोसळली. सगळे एकदम रडू-हसू लागले. भगवानला काहीच उमगेना. हातातली पुडी पुढे करून तो ओशाळं हसला. "साखर हाय. शिरढोनला गेलतो. आये, मारू नको, मना ऱ्हावलाच नाय."

"आन् मचवा रं?" काशीरामने विचारलं. "मचवा तर उलटला."

भगवानचं हसू तोंडावरच थिजलं. त्याने माणसांकडे बघितलं, पंक्तीकडे बघितलं, आईच्या विस्कटलेल्या केसांकडे बघितलं. मग तो गोदूकडे वळला. "काकी," तो म्हणाला, "कमळा आला का?"

"तो आगरावर हाय," गोदू म्हणाली. ती अजून हसतच होती.

भगवान होता तिथेच खाली बसला. पुडी फुटली, साखर मातीत सांडली. "नाय काकी. मचव्यावर तो गेला. मीच बोल्लो त्याला. तो बोल्ला, जा तू, पोरीला बगून ये, आयांना सांगू नको, माज्या पाळीला मग तू जा."

गोदू तशीच उभी होती आणि तिचे हात अजून भगवानच्या खांद्याच्या उंचीवर हवेत होते. कुणीतरी तिला धरून बसवलं. आधी ओरडली ती वेणू. पोटच्या पोराला उराशी धरून ती गोदूच्या नावाने ओरडली.

पुढचं सगळं रिवाजाप्रमाणे झालं. रिवाजाला दयामाया नसते, त्याला फक्त क्रम ठाऊक असतो. हौसा उठली, गोदूच्या घरात गेली आणि तिच्या अजून धगधगत्या चुलीवर तिने कळशी ओतली. मयताच्या घरची चूल दिवसभर पेटती राहिली, असं आळीत कधी घडलं नव्हतं. आणि कडू घास तर त्याच संध्याकाळी द्यायला हवा. पण द्यायचा काय? शिजलेलं अन्न आळीत एकच होतं. वेणूने टोपाच्या तळाशी राहिलेले वाटाणे ताटलीत घेतले, भाकरीचा तुकडा त्यात बुडवला आणि तो गोदूच्या तोंडापाशी नेला.

दुसऱ्यांना घास भरवताना गोदू नेहमी एकच सांगायची. रड, पण गीळ. आता तिने तोंड उघडलं. घास आत गेला. आणि तिच्या जिभेला चव लागली. लसणाची, भाजल्या खोबऱ्याची, आमसुलाची, नेमक्या मिठाची. पोर खाडीत कुठे पडला होता ठाऊक नाही, आणि तिची जीभ सांगत होती, वाटाणे झक्क झाले आहेत.

तिसऱ्या दिवशी कमळाकर न्हावा गावाच्या बाजूला, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत मिळाला.

त्यानंतर गोदूच्या घरी फोडणी पडली नाही. सुतक फिटलं, वर्षश्राद्ध झालं, गौरी-गणपती आले आणि गेले, तरी नाही. वरण असो, पालेभाजी असो, मासळी असो, ती पाण्यात शिजवून मीठ घालून खाई. वाटपाचा पाटा तिने भिंतीला उभा करून ठेवला. मयतांचा टोप तिने परस्पर काशीरामच्या बायकोकडे पोचवला, आणि आळीतले वाटाणे पुन्हा पूर्वीसारखे सपक झाले. हौसाने मरेपर्यंत सांगितलं, फोडणीनं पोर खाल्लं. अगं बये, मचवा आदल्या दिवशी उलटला, फोडणी दुसऱ्या दिवशी पडली. फोडणी काय मागे धावत गेली? पण असल्या बोलण्याला शेंडा नसतो आणि बुडखाही. गोदूलाही ते कळत होतं. तिला सलत होतं ते निराळंच. आपला पोर पाण्याखाली होता, आणि आपला हात खूश होता. आईच्या हाताला कळू नये?

हे ती कुणापाशी बोलली नाही. भगवानवर तिने कधी राग धरला नाही. तो पुन्हा मचव्यावर चढला नाही, आगरावरच राबला. रोज सकाळी गोड्या विहिरीचं पाणी आधी गोदूच्या दारात ठेवी, मग आपल्या. पुढे मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव कमळाकर ठेवू का, असं विचारायला तो आला, तर गोदू म्हणाली, "नको. ज्याचं नाव त्यालाच ऱ्हाऊ दे." त्याची थोरली पोर, जिजा, गोदूच्याच ओटीवर खेळून मोठी झाली. पण जिजाच्या वाढदिवशी भगवान गोदूसमोर यायचा नाही. कमळाकर बुडाल्याची तिथी त्याच्या पुढच्याच दिवसांत असे.

वेणू आणि गोदू पूर्वीसारख्याच भांडत, एकमेकींच्या उवा काढत, बाजाराला जोडीने जात. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत. त्या संध्याकाळचा विषय मात्र कधी निघाला नाही. वर्षं अशीच गेली. बंदर गाळाने भरत चाललं, माल मोटारींनी जाऊ लागला, मचवे कमी झाले. दोघींचे केस पिकले.

साठ साल उलटल्यावर वेणूच्या पोटात पाणी होऊ लागलं. पनवेलच्या डॉक्टरने भगवानला बाजूला घेऊन सांगितलं, खायला मागतील ते द्या. याचा अर्थ कळायला शिक्षण लागत नाही. वेणूचं अन्न तुटलं होतं. रंभाने खिमट केलं, पेज केली, तिने तोंड फिरवलं. एका सकाळी गोदू उशाशी बसली असताना ती म्हणाली, "गोदू, काले वाटाने कर गो. फोडनीचे."

"माज्या घरी फोडनी नाय," गोदू म्हणाली.

"ठाव हाय. म्हनून तर सांगतंय."

"रंभा करंल."

"तुज्या हातचे पायजेत." वेणूला धाप लागली. "मरताना नाय बोलतेस मना?"

गोदू रागाने उठून घरी आली. पण संध्याकाळी तिने जिजाला वाण्याकडे पाठवलं, वाटाणे मागवले आणि रात्रभर भिजत घातले. आता घाई कसलीच नव्हती. सकाळी पाटा भिंतीवरून आडवा केला, धुतला. हात म्हातारे झाले होते, पण विसरले नव्हते. कांदा निखाऱ्यावर तसाच भाजला गेला, खोबरं तसंच. शेवटी पळीत तेल तापवून तिने लसूण टाकला आणि डोळे मिटून टोपात ओतला. चर्र झालं. बाहेर भगवान कळशी ठेवत होता. तो तिथेच थबकला आणि पाणी सांडलं तरी त्याला कळलं नाही.

गोदूने ताटली नेली. वेणूला उशीला टेकवून बसवलं आणि भाकरीचा लहानसा तुकडा बुडवून भरवला. वेणूने तो बराच वेळ तोंडात घोळवला. मग दुसरा मागितला, तिसरा मागितला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"तिखट झाला का?" गोदूने विचारलं.

"नाय." वेणू थांबून थांबून बोलू लागली. "मना एक सांगायचं हाय. त्या दिशी... माजा भगवान मेला म्हनून बसलंवतंय मी. तू घास दिलास. आन् मना ग्वाड लागला गो. तू बगत नवतीस तवा मी मागून घेतला. दोनदा. पोर बुडाला नि आय मागून मागून जेवतेय. इतकी वरसं कुनाला बोल्ली नाय. मी तुना घास दिला तवा तुजा तोंड बगितला व्हता, मना ठाव हाय तुना काय सलतंय. म्हनून सांगतंय. तुजी एकटीचीच जीभ तशी नाय गो. माजी पन तशीच. आयांच्या जिभा अशाच असतील."

हे गोदूला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, त्याच वर्षी, त्याच महिन्यात. कदाचित तेव्हा त्याचा उपयोग झाला असता. वेणू आशेने तिच्या तोंडाकडे बघत होती. मरणाऱ्या बाईने आपल्याकडचं होतं ते सगळं काढून दिलं होतं, आणि गोदूला ते हात पुढे करून घ्यावंसं फार वाटत होतं. तिने पदराने वेणूचे डोळे पुसले, ओठांच्या कडेला लागलेला रस्सा पुसला.

"तुजा आला, वेणू," ती म्हणाली. "म्हनून तुना सांगता येतंय."

वेणूने तिचा हात धरला. गोदूने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.